गल्ली मधून मोजायची

जपानहून आल्यावर वस्तीतल्या बायांनी मला दोनच प्रश्न विचारले. तिथे खायला काय मिळालं, आणि आता सही करणार का. पहिल्याचं उत्तर मी उभ्या उभ्या दिलं. दुसऱ्यासाठी हे सगळं लिहावं लागतंय.

माझं नाव गयाबाई. चौथीपर्यंत शिकले. नवरा गेल्यापासून घराच्या पुढच्या खोलीत पिठाची चक्की चालवते. आमचं गाव मेहकर तालुक्यात, डोणगावपासून ऑटोने वीस मिनिटांवर. गावाला लागून पण गावाच्या बाहेर आमची बौद्ध वस्ती आहे. चाळीस घरं आणि मधून एक गल्ली. जुन्या लोकांनी गाव वसवलं तेव्हा वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूला आम्हाला ठेवलं, आमच्यावरून गेलेला वारा गावात येऊ नये म्हणून. शिकलेले लोक म्हणतात, खेड्याला नियोजन नसतं. असतं.

गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे एका बाजूला माझी चक्की आहे आणि समोर माझ्या दिराच्या मुलाचं, भीमरावचं घर. दोन भिंतींमध्ये सात फूट. मागच्या वर्षी पंचफुलाबाईचा खुबा मोडला तेव्हा एकशे आठची गाडी बाहेरच थांबली. बाईला बाजेवर घालून चौघांनी आणलं. माझ्या ओट्यापाशी बाज अडकली, ती तिरपी करावी लागली, आणि पंचफुला जी ओरडली ती सगळ्या वस्तीने ऐकली.

त्यानंतर गल्लीला सिमेंटचा रस्ता आणि नाली मंजूर झाली. अट एकच, रुंदी तेरा फूट पाहिजे. मोजायला साहेब आले. त्यांनी भीमरावच्या भिंतीला टेप लावला आणि माझ्या बाजूला ओढत आणला. तेरावा फूट माझ्या चक्कीच्या आत आला. सहा फूट आत. तिथे त्यांनी लाल रंगाची रेघ मारली. माझी खोली आहे नऊ फूट, आणि मशीनचा पाया पुढच्याच बाजूला. संमतीच्या कागदावर आत राहणाऱ्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझी झाली नाही. वर्ष संपायच्या आत कागद गेला नाही तर रस्ता दुसऱ्या गावाला जाईल असं ग्रामसेवक सांगून गेले.

भीमराव दारात येऊन म्हणाला, "मोठी माय, तुह्या एका सहीपायी सारी वस्ती अडकून राह्यली."

"तुही भिंत तं नाही ना अडकून राह्यली?" मी म्हणाले.

अशात माझ्या नातीने, प्रज्ञाने, जपानचं तिकीट पाठवलं. ती तिथे जमीन मोजणाऱ्या एका कंपनीत आहे. मी मुलाला, राहुलला, विचारलं की ही मला आत्ताच काऊन बोलावते. तो म्हणाला, थंडी पडायच्या आधी ये म्हणते. त्याने माझ्याकडे पाहून सांगितलं नाही, तेव्हाच मला समजलं.

शेगाव स्टेशन

राहुल मला शेगावपर्यंत सोडायला आला. मेहकर आणि खामगाव मागे टाकून एसटीने गेलो. मोठा महामार्ग झाल्यापासून आमच्या भागात रस्त्याच्या कडेची वावरं दिसेनाशी होत आहेत. सोयाबीन काढलं की पुढच्या पेरणीऐवजी पांढरे दगड रोवलेले दिसतात. वावराच्या तोंडाशी कमान उभी असते आणि तिच्यावर कुठल्यातरी नगरीचं नाव. कमानीच्या आत कुत्रंसुद्धा नसतं. आपल्याकडे आधी कमान येते, मग प्लॉट विकतात, मग माणसं राहायला येतात, आणि ती माणसं पंधरा वर्षं नालीसाठी अर्ज करतात.

शेगावात गाडीला वेळ होता म्हणून जरा फिरले. मी देवळात जाणारी नाही, पण रस्ता पाहायला देव लागत नाही. रोज इतकी माणसं येतात आणि बसायला जागा, प्यायला पाणी, जायला संडास आहे. माणूस येणार हे आधी धरून केलेली जागा लगेच ओळखू येते.

"राहुल," मी म्हणाले, "मले सही कराले लावासाठी इतक्या दूर धाडतं काय बे?"

"नाही व माय. फिराले जाय नं निवांत."

"मंग कागदाची झेरॉक्स माह्या पिशवीत कोनं टाकली?"

तो पाण्याची बाटली आणायला गेला.

विमानाचं सांगण्यासारखं एवढंच की मला चाकाची खुर्ची दिली होती. मी चांगली चालते. पण खुर्ची ढकलणारा माणूस सगळ्या रांगा ओलांडून नेतो, म्हणून मी बसून राहिले. म्हाताऱ्या बायांनी हे लक्षात ठेवावं.

प्रज्ञाच्या घरी

नागोया म्हणून मोठं शहर आहे, त्याच्या बाजूच्या एका लहान गावात प्रज्ञा राहते. लहान म्हणजे आपल्या बुलढाण्यापेक्षा मोठं, पण ते लोक त्याला लहान म्हणतात. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. नोव्हेंबर होता. उन्हात बसलं तर बरं वाटायचं, सावलीत गेलं की नाक गळायचं.

खाण्याचं सांगते. भात चिकट असतो, काडीने उचलता यावा म्हणून. मला काड्या जमल्या नाहीत आणि मी प्रयत्नही केला नाही, चमच्याने खाल्लं. मासळी रोज. मी मासळी खाते, त्यामुळे अडचण आली नाही. पण नवल वाटलं ते सोयाबीनचं. आमच्या भागात कोसच्या कोस सोयाबीन पेरतात आणि माणूस त्याचा दाणा खात नाही, पोत्यात भरून मोंढ्यावर नेतो. तिथे सकाळच्या कढीत सोयाबीन, दुपारी त्याचंच पनीरसारखं पांढरं, रात्री आंबवून तार सुटलेलं. ते तार सुटलेलं मी एकदा तोंडात घातलं आणि कागदात काढून ठेवलं. जे आम्ही पिकवून खात नाही ते हे लोक विकत आणून खातात.

माझ्याबरोबर ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा होता. प्रज्ञाच्या ऑफिसातली लान नावाची मुलगी एकदा जेवायला आली. ती व्हिएतनामची. तिने ठेचा भाकरीवर जाड लावून खाल्ला आणि डोळ्यांत पाणी आणलं नाही, तेव्हा मला ती आवडली. तिच्या देशात घरं कशी आहेत ते मी विचारलं. ती म्हणाली, तिच्या शहरात घर बाजेच्या लांबीपेक्षा जरा रुंद आणि वर चार-पाच मजले. प्रत्येकाला घराचं तोंड रस्त्यावर पाहिजे, म्हणून सगळे आडवे आखडून उभे वाढले. प्रज्ञाने मराठीत सांगितलं आणि वरून म्हणाली, "पाह्य आजी, तोंड साऱ्याइलेच रस्त्यावर पाह्यजे."

"बोल, बोल," मी म्हणाले. "कागद काढतं का जेवल्यावर?"

"तू जेव ना."

प्रज्ञा राहते ती गावाची नवी बाजू. पूर्वी तिथे भाताची वावरं आणि वाकडीतिकडी घरं होती. सगळ्या मालकांनी मिळून एक समिती केली. प्रत्येकाने आपल्या जमिनीतला हिस्सा सोडला, मोठ्याने मोठा, लहानाने लहान. त्यातून रस्ते निघाले, नाल्या निघाल्या, एक बाग निघाली. उरलेली जमीन नव्याने वाटली. ज्याची जागा आत कुजत होती त्यालाही रस्ता मिळाला. भांडणं झाली का, मी विचारलं. प्रज्ञा म्हणाली, वर्षानुवर्षं झाली, पण आधी सगळ्यांची जमीन मोजली आणि कुणाची किती ते सगळ्यांना दाखवलं, मग भांडले.

हे ऐकायला चांगलं आहे. पण तीच आखलेली बाजू मला भोवली. चौथ्या दिवशी प्रज्ञा कामावर गेल्यावर मी दूध आणायला निघाले. घराची खूण म्हणून खालच्या दारात उभी असलेली पांढरी मोटार ध्यानात ठेवली. दूध घेतलं, वळले, तर पांढरी मोटार नाही. पुढच्या रस्त्यावर तीन पांढऱ्या मोटारी. रस्ते सगळे सरळ, घरं सगळी एका रंगाची, दारात कुणी बसलेलं नाही. आमच्या गावात कुणाही बाईला विचारलं की ती कडुनिंबापासून वळायला सांगते. तिथे विचारायला बाईच नव्हती. तासभर मी त्याच चौकातून फिरत होते.

शेवटी एक म्हातारी दिसली. माझ्याहून मोठी, कमरेत पार वाकलेली, चार चाकांच्या लहान ढकलगाडीला धरून चालत होती. तिने माझ्या साडीकडे पाहिलं, माझ्या दुधाकडे पाहिलं आणि माझी बाही धरली. मी मराठीत बोलत होते, ती तिच्या भाषेत. तिने मला पोलिसांच्या एका लहान खोलीत नेलं. पोलिसाने चहा दिला. माझ्या पिशवीत प्रज्ञाचा नंबर होता, त्याने फोन लावला. प्रज्ञा येईपर्यंत म्हातारी माझ्याजवळच बसून राहिली, काम सोडून. तिचं नाव हायाशी.

जुनी बाजू

रविवारी आम्ही हायाशीबाईकडे गेलो. मी शेंगदाण्याचे लाडू केले होते. रेल्वेच्या पलीकडे गावाची जुनी बाजू आहे. तिथे गेल्यावर मला बरं वाटलं. गल्ली वाकडी, कुंड्या बाहेर, एका दारात मांजर, एका खिडकीतून मुळ्याच्या लोणच्याचा वास. तिथे मी हरवले नसते.

पण गल्लीचं एक विचित्र होतं. भिंती एका रेषेत नव्हत्या. एक घर पुढे, दुसरं तीन फूट मागे, तिसरं पुन्हा पुढे, चौथं मागे. दात पडलेल्या तोंडासारखी गल्ली.

"हे असं काऊन?" मी प्रज्ञाला विचारलं.

प्रज्ञाने गल्लीच्या मधोमध उभं राहून सांगितलं. तिथला कायदा असा की गल्ली अरुंद असेल तर कुणाचं घर आज पाडायचं नाही. पण ज्या दिवशी मालक जुनं घर काढून नवं बांधेल त्या दिवशी त्याने मागे सरकायचं. गल्लीचा मध्य धरायचा आणि तिथून दोन मीटर सोडायचे. समोरच्यानेही त्याच मध्यापासून दोन मीटर सोडायचे. हळूहळू सगळी घरं नवी होतात आणि गल्ली आपोआप रुंद होते.

"मध्यापासून," मी म्हणाले.

"हाव."

"भिंतीपासून नाही?"

"कोनाच्या भिंतीपासून मोजतीन आजी? ज्याची पुढं असंन त्याचा फायदा होईन ना मंग."

मी खाली पाहिलं. डांबरात एक पितळी चकती ठोकलेली होती, आपल्या जुन्या दहा पैशांएवढी. प्रज्ञा म्हणाली, अशा खुणा आम्हीच ठोकतो. साहेबांनी भीमरावच्या भिंतीला टेप लावला तेव्हा मला जे लागलं होतं ते काय होतं, हे मला तिथे उभं राहून कळलं. इतके महिने मी चक्की जाते म्हणून भांडत होते. चक्की जाणार हे दुखत होतंच. पण टेपचं दुसरं टोक कुठे होतं, ते त्याच्याहून जास्त दुखत होतं, आणि ते मला सांगता आलं नव्हतं.

मी म्हणाले, "प्रज्ञा, मध्यापासून मोजलं तं माही चक्की वाचंन."

ती पुढे चालू लागली. तिला हिशेब येत होता, मला तेव्हा येत नव्हता.

हायाशीबाईचं घर पुढे आलेल्यांपैकी होतं. लाकडी, एका अंगाला झुकलेलं, छपरावर पत्रा आणि पत्र्यावर दगड. ते पाहून मला घरच्यासारखं वाटलं. ओसरीत दोऱ्यांना केशरी फळं सोलून वाळत घातली होती. तिने एक ताजं फळ कापून दिलं. देठाशी टोपी अगदी टेंभरासारखी. आमच्या रानातली टेंभरं बोराएवढी, ही मुठीएवढी, पण जात तीच. मी टेंभरं म्हणाले आणि तिने मान हलवली, जशी तिला माहीतच होती.

प्रज्ञा मध्ये बसली आणि आम्ही दोघी बोललो. मी विचारलं, घर झुकलंय, नवं काऊन नाही बांधत.

हायाशीबाई म्हणाली, बांधलं तर मागे सरकावं लागेल. स्वयंपाकाची जागा जाईल. मुलगा दूरच्या शहरात राहतो, तो येणार नाही. मी मेले की घर पाडतील आणि गल्ली आपली जागा घेईल. तोवर मी इथे.

ती हसत सांगत होती. आमच्याकडे असं बोलणाऱ्याला घरचे गप्प करतात. मला ती बाई जवळची वाटली.

मी म्हणाले, "म्हणजे रस्ता तुह्या मरायची वाट पाहून राह्यला."

प्रज्ञा सांगेना. मी तिला दटावलं तेव्हा तिने सांगितलं. हायाशीबाईने मांडीवर थाप मारली आणि बराच वेळ हसली. मग तिने मला विचारलं, तुमच्या गल्लीत किती माणसं राहतात.

मी सांगितलं. चाळीस घरं, लहान पोरं मोजली तर दोनशेच्या वर. पंचफुलाबाईच्या बाजेचंही सांगितलं. सहीचंही सांगितलं, लपवून काय करायचं.

तिने चहाचा कप खाली ठेवला. म्हणाली, आमच्या गल्लीत आता सात माणसं राहतात. चार घरं बंद आहेत. समोरच्या दोघांनी मागे सरकून नवी घरं बांधली, रस्ता रुंद केला, आणि त्यांची मुलं गेली. इथे रस्त्याने वाट पाहिली तर चालतं. घाई कुणाला आहे? तुमच्याकडे दोनशे माणसं आहेत आणि तुम्ही वाट कसली पाहता?

मला राग आला. मी प्रज्ञाला म्हणाले, "हे तूच शिकवलं तिले."

"आजी, मी तिले ओळखत बी नव्हती. तूच हरवली अन् तूच शोधून आणली."

ते खरं होतं. पुढच्या दिवसांत आम्ही डोंगर पाहिला, समुद्र पाहिला, एक फार मोठी बुद्धमूर्ती पाहिली आणि तिच्यापुढे मी वंदना म्हटली. ती सगळ्यांनी पाहावी अशी आहे. पण मी पाहत होते ते रस्ते. दिसेल तिथे खाली वाकून नालीचं झाकण पाहायचे. प्रज्ञा म्हणायची, आजी, लोक पाहून राह्यले. मी म्हणायचे, पाहू दे.

परत

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विहारात बैठक बोलवायला सांगितली. सगळे आले. भीमराव येऊन पहिल्या रांगेत बसला.

मी म्हणाले, सही करते, पण गल्ली पुन्हा मोजा. मधून मोजा. दोन्हीकडे सारखं.

भीमराव हसला. "जपानचं जपानात राहू दे, मोठी माय. साहेबानं मोजून देल्लं ना एकदा?"

"साहेबानं तुही भिंत मोजली. गल्ली नाही मोजली."

"मंग गल्लीचा मध्य कोठी आहे, तो दाखव. तुह्या जपानात पितळ ठोकलं असंन, अथी काय हाय?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. तेव्हा पंचफुलाबाई मागून बोलली. ती आता काठीने चालते. "दगडी नाली होती की नाही मधातून? मी न्हाणीचं पानी तिच्यातच सोडत होती."

म्हाताऱ्यांना सगळ्यांना आठवलं. पूर्वी गल्लीच्या मधोमध दगडी नाली होती. नंतर तिच्यावर मुरूम पडला. वरचं तोंड विहाराच्या पायरीपाशी अजून दिसतं, खालचं हापशाजवळ. दोन्हीकडे खुंट्या रोवल्या आणि मधून सुतळी ताणली. एकच सरळ रेघ. लहान-मोठे सगळे तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहून पाहत होते. इतक्या वर्षांत आम्ही आमची गल्ली कधी पाहिली नव्हती. प्रत्येकाने आपला ओटा तेवढा पाहिला होता.

टेप राहुलने धरला. सुतळीपासून भीमरावच्या भिंतीपर्यंत पाच फूट आले. पाहिजेत साडेसहा. त्याने दिवाळीत बांधलेला गेटचा खांब, काळ्या फरशीचा, पूर्ण जाणार होता. त्याचा चेहरा उतरला. खरं सांगते, मला बरं वाटलं.

मग टेप माझ्याकडे वळला. सुतळीपासून माझ्या भिंतीपर्यंत दोन फूट.

राहुलने टेप पुन्हा लावला. दोन फूटच. साहेबांच्या मापाने माझे सहा फूट जात होते, मधून मोजल्यावर साडेचार. दीड फुटाचा फरक. आणि मशीनचा पाया त्या साडेचारात येतोच.

भीमराव हळू आवाजात म्हणाला, "मोठी माय, ही खोली मोठ्या बाबानं नाली बुजवली तवा पुढं काढली ना?"

हो. मशीन आणलं त्या वर्षी जागा पुरत नव्हती. माझ्या नवऱ्याने खोली पुढे काढली. तो विचारत होता, लोक काही म्हणतील का. मी म्हणाले होते, काढा, कोन मोजते. हे मला जपानात आठवलं नाही. आठवलं असतं तर मी मध्यापासून मोजा म्हटलं असतं की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

विहाराच्या भिंतीला फळा आहे, त्यावर मुलं रोज सुविचार लिहितात. मी तो पुसायला लावला. वर लिहायला सांगितलं, कुणाचं किती. खडू घेतलेला मुलगा म्हणाला, पहिलं कोणाचं लिहू. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी खडू घेतला आणि माझ्या चौथीच्या अक्षरात लिहिलं, गयाबाई, साडेचार फूट. त्यानंतर कागदावर सही केली. आत राहणाऱ्यांपैकी ज्यांचे ओटे पुढे होते त्यांची नावं एकेक करून लिहिली गेली. कुणाचा एक फूट, कुणाचा अर्धा. भीमराव आपल्या नावाची वाट न पाहता निघून गेला.

मग चार दिवस काहीच झालं नाही. मी चक्की चालवत होते. दळायला येणाऱ्या बायांना सांगत होते, अजून महिनाभर आणता येईल तेवढं आणा, नंतर डोणगावला जावं लागेल. बाया ऐकून घरी जात. घरी काय बोलत ते मला माहीत नाही. भीमरावची बायको, कविता, काय बोलली ते मात्र गल्लीपलीकडून ऐकू आलं. ती म्हणाली, "गेटच्या खांबाले काय चाटतं? दळण डोक्यावर घेऊन मी डोनगावले जाऊ काय?"

पाचव्या दिवशी सकाळी मी चक्कीचा पट्टा चढवत होते तेव्हा भीमराव आला. दारात उभा राहिला. त्याच्या घराच्या मागे गोठा आहे, बैल विकल्यापासून रिकामा. त्याचं दार मोठ्या रस्त्यावर उघडतं.

"गोठा तसाच पडून हाय," तो म्हणाला. "मशीन तथी बसव."

"खांब?"

"काढतो. मिस्तरीले सांगतलं."

"गोठ्यातली किती जागा देतं?"

"घे ना लागंन तेवढी. आता तुले काय मोजून देऊ मी?"

मी पट्टा चढवला, हात पुसले.

"मोजूनच दे," मी म्हणाले. "अन् फळ्यावर लिही."

तो टेप आणायला घरात गेला.